कोपऱ्यावर उभा घन

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगचा पेपर दिलेल्या कुणालाही विचारा, हा घन त्याच्या ओळखीचा निघेल. बाजू 50 मिलिमीटर. एकाच कोपऱ्यावर उभा. त्या कोपऱ्यापासून थेट समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा कर्ण जमिनीला लंब. आता हा घन समोरून आणि वरून कसा दिसेल ते काढा.

मला ते आलं नाही. म्हणजे पायऱ्या पाठ होत्या. आधी घन सरळ ठेवायचा, मग 45 अंशांत फिरवायचा, मग कलंडवायचा, रेषा खाली-वर न्यायच्या, मागे गेलेल्या कडा तुटक रेषांनी दाखवायच्या. पण कुठली कड मागे गेली आणि कुठली पुढे आली हेच डोळ्यांपुढे येईना. मी अंदाजानं दोन-तीन रेषा तुटक केल्या. शीट दिसायला छान झाली होती. 100 पैकी 31 पडले आणि ग्राफिक्सला केटी लागली.

केटीची फारशी लाज नव्हती, अर्ध्या वर्गाला लागली होती. लाज वेगळीच होती. माझे वडील सुतार आहेत. मिरज म्हटलं की लोकांना तंबोरे आठवतात. आमच्याकडे कपाटं, पाट, दारं आणि जिन्याखालच्या तिरक्या जागेत बसणारी मांडणी. अण्णांनी आयुष्यात कधी कागदावर नीट ड्रॉइंग काढलं नाही. गिऱ्हाईक बोलत असतं, तेव्हाच त्यांच्या डोक्यात कपाट उभं राहिलेलं असतं. त्यांच्या मुलीला साधा ठोकळा कलंडलेला दिसत नव्हता.

निकालानंतर त्यांनी मला प्रश्न वाचायला लावला.

‘‘एचपी म्हणजे काय?’’

‘‘आडवं प्रतल. म्हणजे जमीन.’’

‘‘आणि व्हीपी?’’

‘‘भिंत.’’

‘‘मग तसं म्हणायला काय होतंय त्यांना?’’

संध्याकाळी त्यांनी सागाचा एक तुकडा घेतला, दोन इंची ठोकळा कापला, रंधा मारला, सहाही बाजूंना गुण्या लावून बघितला. मग एका कोपऱ्यात गिरमिटानं बरोबर कर्णाच्या दिशेनं भोक पाडलं, त्यात बांबूची काडी बसवली आणि काडी एका पाटात रोवली. ठोकळा हवेत, एका टोकावर उभा. ‘‘आता एक डोळा मिटून वरून बघ,’’ म्हणाले. वरून घन दिसतच नव्हता. सहा सारख्या बाजूंचा षटकोन दिसत होता, मधल्या बिंदूतून तीन कडा निघालेल्या. मागच्या तीन कडा वरच्या पृष्ठांखाली झाकल्या गेलेल्या. मी पुढच्या परीक्षेत पास झाले. ठोकळा नंतर हॉस्टेलवर गेला आणि तिथे कुणी तरी काडीला कानातली अडकवायला लागलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे नऊ वर्षांनी मी त्याच घनाच्या आत उभी होते.

कंपनीनं मला दीड वर्षासाठी नेदरलँड्सला पाठवलं. मुक्काम युट्रेख्टला. इथे आलेला प्रत्येक जण आधी कालवे, पवनचक्क्या आणि ट्युलिप उरकून घेतो, तसे मीही उरकले. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मात्र मी रॉटरडॅमची गाडी पकडली. ऑफिसातल्या एकीनं तिथल्या घनघरांचा फोटो दाखवला होता. पिवळे घन, एका कोपऱ्यावर उभे, खाली खांब. माझ्या तोंडून निघालं, ‘‘ही तर माझी केटी!’’ ते तिला समजावून सांगण्यात दुपारच्या जेवणाची सुट्टी गेली.

रॉटरडॅमच्या स्टेशनातून बाहेर पडलं की पहिल्यांदा मागे वळून बघावं लागतं. स्टीलनं मढवलेलं छप्पर एका टोकाला असं वर चढत गेलंय की इमारत उडायच्या बेतात आहे असं वाटतं. हे स्टेशन 2014 सालचं. पण दर्शनी भागावरचं घड्याळ आणि ‘सेंट्राल स्टेशन’ ही अक्षरं मात्र आधीच्या, 1957 सालच्या स्टेशनवरची आहेत. जुनी इमारत पाडताना ती काढून ठेवली आणि नव्यावर लावली. मला ते आवडलं. जुन्या घराच्या दाराची कडी नव्या दाराला लावावी तसं.

स्टेशनपासून घनघरांपर्यंत चालत वीसेक मिनिटं. नेदरलँड्समधल्या इतर शहरांत जे हमखास दिसतं ते या रस्त्यात दिसत नाही. वाकडी बोळं नाहीत, निमुळत्या जुन्या घरांच्या रांगा नाहीत, कालव्यावरचे कमानीचे पूल नाहीत. रुंद रस्ते, काच, काँक्रीट, आणि प्रत्येक इमारत शेजारणीपेक्षा वेगळी दिसायच्या हट्टानं उभी. असं का, याचं उत्तर जमिनीत आहे. शहराच्या मध्यभागाला वळसा घालून जाणारी एक रेषा फुटपाथमध्ये बसवलेल्या गोल दिव्यांनी आखलेली आहे. दिव्यांवर ज्वाळेची खूण. ही आगीची सीमा.

14 मे 1940 ला दुपारी जर्मन विमानांनी शहराच्या मध्यावर बाँब टाकले. जेमतेम पंधरा मिनिटांचं काम. मग आगी लागल्या आणि पसरत गेल्या. शेकडो माणसं मेली, सुमारे 25,000 घरं गेली, 80,000 माणसं बेघर झाली. दिव्यांच्या रेषेच्या आत जे होतं ते जवळपास संपलं.

हे मी वाचून गेले होते. नंतरचं मात्र मला माहीत नव्हतं. चारच दिवसांत नगररचनाकार विटेफेन यांना नव्या शहराचा आराखडा करायला सांगितलं गेलं. त्याच महिन्यात जळालेल्या भागातली जमीन मालकांकडून काढून घेतली गेली. डागडुजी करून वाचल्या असत्या अशाही बऱ्याच इमारती ढिगाऱ्याबरोबर साफ केल्या. तो ढिगारा शहरातल्या पाण्यात भराव म्हणून टाकला. घनघरांशेजारचा ब्लाक नावाचा मोठा रस्ता आधी पाण्याचा होता. आज त्यावरून ट्राम जाते, आणि तिच्याखाली जुनं शहर आहे. पुढे विटेफेन यांचा आराखडाही काहींना फारच जुन्या वळणाचा वाटला आणि 1946 मध्ये कॉर्नेलिस फान त्रा यांचा नवा, अधिक मोकळा आराखडा मंजूर झाला.

सॉफ्टवेअरवाल्यांचं एक आवडतं स्वप्न असतं. जुना, कुणी तरी कधी तरी लिहिलेला, गुंता झालेला कोड सगळा पुसून टाकायचा आणि कोऱ्या पानावर पहिल्यापासून लिहायला घ्यायचं. प्रत्येक टीममध्ये हे सुचवणारा एक जण असतो. आमच्या टीममध्ये ती मी आहे. रॉटरडॅम वाचताना मला सुरुवातीला हेवा वाटला होता. केवढी मोकळी जागा मिळाली होती या लोकांना! त्या दिव्यांच्या रेषेवर उभं राहिल्यावर तो हेवा जरा अवघडला. कोरं पान कोरं नव्हतं. वाचू शकलं असतं तेही पुसून ते कोरं केलं होतं.

या मोकळ्या जागेतच पुढे विचित्र इमारतींना वाव मिळाला. घनघरांच्या अलीकडे मार्क्टहाल लागतं. घोड्याच्या नालेसारखी चाळीस मीटर उंचीची कमान, कमानीच्या जाडीत 228 घरं, आणि पोटात भाजी, मासे, चीज यांचा बाजार. आतल्या बाजूनं पूर्ण छतभर फळं, फुलं, किडे यांचं अवाढव्य चित्र. काही घरांच्या खिडक्या त्या चित्रातूनच बाजाराकडे उघडतात. म्हणजे स्वयंपाक करताना खाली वाकून बघायचं, आज मेथी आलीय का. (मेथी नव्हती. मी बघितलं.) शनिवार असल्यामुळे बाहेर उघड्यावरचा आठवडी बाजारही भरला होता आणि तिथले भाव आतल्यापेक्षा माणसात होते.

आणि मग रस्त्यापलीकडे ते दिसले.

फोटोत घनघरं खेळण्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात ती मोठी आहेत आणि अंगावर येतात. वास्तुकार पीट ब्लोम. बांधकाम पुरं झालं 1984 मध्ये. 38 लहान घन, दोन मोठे. प्रत्येक घनाखाली सहा बाजूंचा खांब. खांबाला सहाच बाजू का, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कर्णावर उभा घन वरून षटकोनी दिसतो, हे मी पाटावर बघितलं होतं.

ब्लोमच्या मनात एकेक घर म्हणजे एकेक झाड होतं आणि सगळी मिळून जंगल. खांब म्हणजे खोड, घन म्हणजे पानांचा पसारा. हे नुसतं काव्य नाही. झाडाखालची जमीन कुणाच्याही मालकीची नसल्यासारखी वापरता येते. इथली घरं वर उचललेली असल्यामुळे त्यांच्याखालून लोक ये-जा करतात, पोरं सायकली फिरवतात, दुकानं आहेत. खाली रहदारीचा रस्ता, त्यावर पायी चालणाऱ्यांचा पूल, आणि पुलावर ही घरं. गर्दीच्या रस्त्यावरून माणसांना जुन्या बंदराकडे न्यायचं आणि त्याच जागेत लोकांना राहायलाही द्यायचं, असा एकूण हिशेब. राहती घरं म्हणजे शहराचं छप्पर, अशी त्याची कल्पना होती. हे कळल्यावर घन उगाच वाकडे वाटेनात.

यातलं एक घर लोकांना बघण्यासाठी खुलं ठेवलंय. बाकीच्या बहुतेक घरांत माणसं राहतात, आणि माझ्यासारखे हजारो लोक त्यांच्या खिडक्यांकडे मोबाइल रोखतात. मी तिकीट काढलं आणि खांबातल्या अरुंद, उभ्या जिन्यानं वर गेले.

पहिल्या पावलाला तोल गेला. जमीन सपाट आहे, पण डोळ्यांना ते पटत नाही. खोली त्रिकोणी, आणि भिंती वर जाताना बाहेरच्या बाजूला झुकत जातात. जहाजाच्या तळाशी उभं राहिल्यासारखं. खिडकीशी गेलं की आकाशाऐवजी थेट खालचा रस्ता आणि लोकांची डोकी दिसतात. या मजल्याला ‘रस्त्याचं घर’ म्हणतात. त्यावर झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर, ते ‘आकाशाचं घर’. सगळ्यात वर घनाचं टोक, चहूकडून काचा असलेली छोटी त्रिकोणी खोली, तिचं नाव पालवीच्या झोपडीवरून. वरच्या मजल्यांवर भिंती उलट्या, आत येणाऱ्या. तिथे माझं डोकं दोनदा आपटलं.

घराचं एकूण क्षेत्रफळ सुमारे 100 चौरस मीटर. त्यातलं जवळपास पाव भिंतींच्या तिरकेपणामुळे वापरताच येत नाही. बाजारात मिळणारं तयार कपाट इथे कुठल्याच भिंतीला टेकत नाही. म्हणून इथलं सामान या घराच्या मापानं बनवून घेतलेलं आहे. हे वाचलं आणि मी खिशातून फोन काढला. मिरजेत साडेपाच वाजले असतील, दुकान उघडं असेल.

इथे एक सांगायला हवं. त्याआधीचे दोन आठवडे अण्णा माझ्याशी नीट बोलत नव्हते. गेली काही वर्षं दुकानात काम कमी होत गेलंय. लोक कारखान्यात तयार झालेली मॉड्युलर किचनं घेतात. खोक्यांतून फळ्या येतात, प्रत्येकीवर नंबर, भोकं आधीच पाडलेली. अण्णा आता ती जोडून द्यायची कंत्राटं घेतात. साठी उलटली, गुडघे दुखतात, आणि चाळीस वर्षं रंधा धरलेला माणूस दुसऱ्यानं पाडलेल्या भोकांत स्क्रू पिळतो. मला ते बघवत नव्हतं. ‘‘मी पैसे पाठवते ना? दुकान बंद करून टाका, गाळा भाड्यानं द्या,’’ असं मी प्रत्येक फोनवर म्हणायचे. शेवटच्या खेपेला ते म्हणाले, ‘‘बघू,’’ आणि फोन आईकडे दिला. त्यानंतर फोन आईच उचलायची.

आज त्यांनी उचलला. मी काही बोलायच्या आत कॅमेरा भिंतीकडे फिरवला.

‘‘काय गं हे? भिंत पडायला लागलीय का?’’

‘‘नाही, अशीच बांधलीय.’’

‘‘मुद्दाम?’’

‘‘मुद्दाम. अण्णा, तो ठोकळा आठवतोय? काडीवरचा? त्याच्या आत आहे मी.’’

थोडा वेळ नुसता दुकानातला आवाज. मग, ‘‘थांब, चष्मा आणतो.’’

पुढची वीस मिनिटं मी वास्तुकलेचा अभ्यास केला असं म्हणायला हरकत नाही, फक्त शिक्षक सात हजारांहून जास्त किलोमीटरवर होता. खांब कशाचा? काँक्रीटचा. आणि घनाचा सांगाडा? लाकडाचा. ‘‘असणारच,’’ म्हणाले, जणू त्यांच्यावर कुणी शंका घेतली होती. फळी भिंतीला भिडते तिथे फोन ने. मागं फट सोडलीय की पाठ कापलीय? अजून जवळ. पडदा कसा बसलाय? मग स्वतःच उत्तर दिलं की खालच्या मजल्यावर पडदा लावला तर तो काचेवरच निजणार, आणि वरच्या मजल्यावर काचेला सोडून खोलीत लोंबकळणार. मी दोन्हीकडे जाऊन मनातल्या मनात पडदा लावून बघितला. बरोबर होतं.

‘‘किती झुकलीय भिंत?’’

‘‘जमिनीपासून 54.7 अंश.’’

‘‘ते सोड. एका फुटाला किती सरकती ते सांग.’’

मी हिशेब केला. एक फूट वर गेलं की भिंत साडेआठ इंच बाहेर जाते. आठ इंच चार सूत, त्यांच्या भाषेत.

‘‘म्हणजे सहा फुटी कपाट भिंतीच्या पायाला टेकवलं, तर वरनं भिंत सव्वाचार फूट लांब,’’ ते लगेच म्हणाले. मी हे फोनच्या कॅल्क्युलेटरवर तपासलं. पाव जागा फुकट जाते हे मी पाटीवर वाचलं होतं. ती कशी जाते ते त्यांनी न बघता सांगितलं.

एवढ्यात तिथली देखरेख करणारी बाई माझ्याकडे बघायला लागली. मी एका फळीखाली जवळजवळ आडवी होऊन फोन धरला होता. ‘‘माझे वडील सुतार आहेत,’’ मी इंग्रजीत म्हटलं. तिनं मान डोलावली आणि फोनकडे बघून हात हलवला. अण्णांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, आणि मला म्हणाले, ‘‘तिला विचार, राहणाऱ्यांनी कपाटं कुणाकडनं करून घेतली?’’ मी विचारलं. तिनं खांदे उडवले आणि हसली.

बाहेर येऊन मी जुन्या बंदराच्या कडेला बसले. समोर विटे हाउस, म्हणजे पांढरं घर. 1898 सालची दहा मजली इमारत, त्या काळी युरोपात एवढी उंच राहती-वापरती इमारत म्हणजे नवल होतं. 1940 च्या आगीतून वाचली. तिच्या एका बाजूला पाणी आणि जुन्या होड्या, मागे पिवळे घन. जी इमारत एकेकाळी या गावात सगळ्यात विचित्र दिसत असेल, तीच आता इथली आजी झालीय.

मला वाटायचं की वेगळी इमारत म्हणजे वास्तुकाराचं धाडस. ते आहेच. पण ब्लोमनं घन कलंडवला आणि त्याचं काम संपलं. त्यानंतर प्रत्येक घरात कुणाला तरी पहिल्या दिवशी फळी भिंतीला लावून बघावी लागली असेल, ती टेकली नसेल, मग त्या माणसानं पुठ्ठ्याचा फर्मा कापला असेल, पुन्हा लावून बघितला असेल. अशा 38 घरांत कितीदा तरी. त्या लोकांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. पण त्यांच्याशिवाय हे घन बघायच्या लायकीचे असते, राहायच्या नव्हे.

आणि मी अशाच एका माणसाला ‘बंद करून टाका’ म्हणत होते. अगदी सहज, कोड पुसून नव्यानं लिहू म्हणते तसं. त्यांच्या गुडघ्यांची मला काळजी होती हे खरं. पण स्क्रू पिळायची कामं संपवण्याच्या नावाखाली मी रंधाही काढून घ्यायला निघाले होते, हे वीस मिनिटं त्यांचा आवाज ऐकल्यावर कळलं. तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

युट्रेख्टच्या गाडीत बसले तोवर व्हॉट्सॲपवर फोटो आला होता. प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र. अण्णांचं मी बघितलेलं पहिलं ड्रॉइंग. बाहेर झुकलेली भिंत, आणि तिच्या अंगानं चढत जाणाऱ्या फळ्यांच्या पायऱ्या, चैत्रगौरीच्या आराशीसारख्या. एक फूट उंची, साडेआठ इंच खोली, पुन्हा एक फूट, पुन्हा साडेआठ. भिंतीशी भांडायचं नाही, ती जेवढी सरकते तेवढीच फळी खोल करायची. साडेआठ इंचांत पुस्तक आरामात मावतं. मागच्या, न दिसणाऱ्या कडा त्यांनी तुटक रेषांनी दाखवल्या होत्या. एकही चुकली नव्हती.

खाली व्हॉइस मेसेज होता. ‘‘खिडकी जमिनीपासनं किती वर आहे ते सांगितलं नाहीस. पायऱ्या खिडकीच्या खालीच थांबवाय पाहिजेत, न्हाईतर उजेड जाईल. पुढच्या खेपेला मोजून आण.’’

दुकानाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. पुढच्या शनिवारचं तिकीट काढलंय. इथल्या टेपवर नुसते सेंटिमीटर असतात. इंच असलेला शोधायला तीन दुकानं फिरावी लागली.